दुमडलेलं टोक

“फिल्म धुवेपर्यंत तिच्यातलं माणूस कुठंच गेलेलं नसतं, अक्का,” असं अभिमन एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा पौष महिना होता. मेहरूणच्या तलावावरून गार वारा येत होता आणि त्याची बायको सुनंदा जाऊन सहा महिने झाले होते. धुरपदाबाई, त्याची थोरली बहीण, ओट्यावर मशीन मांडून कुणाच्यातरी परकराला नेफा घालत होती. तिनं सहज विचारलं होतं, “थंडी पडनी, भाऊ. ती फिल्म नही धोवानी का?” त्यावर त्यानं हे उत्तर दिलं आणि हातातल्या मशिनीच्या शटलमध्ये तेलाचा थेंब सोडून ते पुन्हापुन्हा फिरवत राहिला. अक्काला वाक्य सगळं कळलं नाही. पण तिला बरं वाटलं. फळीवरच्या पत्र्याच्या डब्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि घरात आपण दोघंच नाही आहोत, असं तिला त्या दिवसापुरतं वाटलं.

अभिमन झुलाल शिंपी. जळगावात सुभाष चौकामागच्या बोळात त्याचं शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन फळ्या, एक स्टूल आणि वर पत्रा. बाप ब्लाउजं शिवायचा. पोराच्या हाताला कापड लागलं नाही, मशीन लागली. आई लहानपणीच गेलेली. अक्का एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परतली तेव्हा अभिमन नऊ वर्षांचा होता. तिनं त्याला भाकरी करून घातली, शाळेत घातला, शाळेतून पळाला तेव्हा बडवला, आणि त्याचं लग्नही तिनंच जमवलं. तो दुकानातलं शहरी मराठी घरातही बोलायचा. अक्कानं मात्र आपली अहिराणी सोडली नाही.

कॅमेऱ्याचं वेड त्याला गिऱ्हाइकानं लावलं. मशीन दुरुस्तीला आणताना त्या माणसानं एक मोडका कॅमेराही आणला. म्हणाला, “स्प्रिंगच तर तुटली आहे. तिकडची स्प्रिंग काय, इकडची स्प्रिंग काय.” अभिमननं पाठ उघडली आणि तो चक्रावला. मशिनीच्या पोटात शेकडो तुकडे असतात. इथं आत काहीच नव्हतं. पुढं एक काच, मागं फिल्मची जागा, आणि मधे नुसता अंधार. संध्याकाळी घरी येऊन तो अक्काला म्हणाला, “अक्का, हे शिंप्याचंच काम आहे. अंधार शिवायचा. टाका कुठं उसवला की उजेड आत शिरतो.”

मग तो अंधार शिवू लागला. पहिला कॅमेरा वनस्पती तुपाच्या डब्याचा. दुसरा सागाच्या फळकुटांचा. तिसऱ्याला त्यानं जुन्या पर्सच्या कातड्याचा भाता लावला आणि तो अक्काकडून शिवून घेतला. फिल्म अंधारात हाताळायला पिशवी हवी होती. अक्कानं दोन काळे परकर एकात एक घालून ती शिवली, हात घालायला दोन बाह्या लावल्या, बाह्यांना नाडी घातली. पेठेतले फोटोग्राफर त्याच्याकडे आपले जुने रुंद फिल्मचे कॅमेरे आणू लागले. ती फिल्म मिळेनाशी झाली होती. अभिमन आतला गाळा अरुंद करून त्यात साधी फिल्म बसवून द्यायचा. स्टुडिओवाले फिल्मच्या रिकाम्या डब्या फेकून देत. तो त्या गोळा करायचा, मुंबईहून लांबलचक फिल्मचा मोठा डबा मागवायचा आणि परकराच्या पिशवीत हात घालून तिचे तुकडे एकेका डबीत भरायचा.

जळगावात एक अडचण असते, ती म्हणजे पाणी. वैशाखात नळाचं पाणी हाताला चटका देतं. त्यानं पहिली फिल्म अशाच पाण्यात धुतली आणि तिच्यावरचं चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून मोरीत वाहून गेलं. होळी ते दिवाळी आपली फिल्म धुवायची नाही, असा त्यानं तेव्हापासून नेमच केला. उन्हाळ्यात काढायचं, हिवाळ्यात बघायचं. लोखंड कातून देणारा कादर खरादवाला म्हणायचा, “तुझं बरं आहे रे, अभिमन. लोक फोटो काढतात, तू लोणचं घालतोस.”

तिसऱ्या कॅमेऱ्यातली एक फिल्म अक्कानं बिघडवली. फळीवर ठेवलेला कॅमेरा तिनं उचलला आणि मागची कडी उघडून आत डोकावली. फिल्म अर्धी झाली होती. ती सगळी गेली. अभिमन घरी आला तेव्हा ती चुलीपुढं बसून म्हणाली, “मी म्हटलं देखू तरी, आत कोन बसेल शे.” तो रागावला नाही. उलट हसत सुटला. पण चार दिवस गप्प होता, आणि त्या चार दिवसांत त्याच्या डोक्यात सहावा कॅमेरा तयार झाला.

(चौथा आणि पाचवा त्यानं मधे केले आणि मोडून टाकले. ते नुसते हात बसवण्यासाठी होते.)

सहाव्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी होती. इतर कॅमेऱ्यांत फोटो काढला की फिल्म डबीतून बाहेर येत जाते. पाठ उघडली की काढलेलं सगळं जातं. अभिमननं हे उलटं केलं. आधी सगळी फिल्म बाहेरच्या रिळावर गुंडाळायची, आणि मग एकेक फोटो निघेल तशी ती परत डबीत न्यायची. बॉबिन भरतात आणि मग दोरा सुटतो, तसंच. काढलेला फोटो लगेच घरात. मग अक्कानंच काय, कुणीही पाठ उघडली तरी काढलेला सुखरूप.

यासाठी लागणारं दातेरी चाक त्यानं शनिपेठेत कादरकडून कातून घेतलं. तीनदा परत नेलं.

“कॅमेरा बनवतोस का मनगटातलं घड्याळ?” कादर वैतागला. “एक दात इकडचा तिकडे झाला तर फोटो काय रडायला बसणार आहे?”

“होऊ द्यायचा नाही, कादरभाई.”

चौथ्यांदा चाक बसलं. फिल्मचं आतलं टोक डबीच्या दांडीला चिकटवलेलं असतं. मोजणी तिथून सुरू होत असल्यामुळं प्रत्येक डबीत पहिला फोटो त्याच जागी, दुसरा त्याच जागी, छत्तिसावा त्याच जागी यायचा. बाहेर लोंबणारी फिल्मची जीभ लांब असो की आखूड, फरक पडायचा नाही. वर बघायला त्यानं तारेची चौकट केली आणि मशिनीवर दोरा ओवायचं छोटं कडं असतं, ते तिच्या वरच्या भागात जोडलं. तोंड या कड्यात आलं की फोटो बरोबर. कुणाचंही असो, तोंडाची जागा ठरलेली.

एकच गोष्ट राहत होती. फोटो काढून झाल्यावरही फिल्मची जीभ बाहेरच राहायची, कारण धुताना ती धरूनच फिल्म ओढावी लागते. त्यामुळं भरलेली आणि वापरलेली डबी सारखीच दिसायची. लिहून ठेवलेलं परकराच्या पिशवीत वाचता येत नाही. म्हणून काढून झालेल्या फिल्मच्या जिभेचं टोक तो दुमडायचा. अंधारात बोटाला कळतं. ही खूण सुनंदाला ठाऊक होती. ती त्याच्याशेजारी बसून डब्या पुसून द्यायची. अक्का अशा वेळी तिकडे पाठ करून मशीन चालवायची. नवराबायकोच्या कामात आपण कशाला, असं ती म्हणे. खरं म्हणजे इतकी वर्षं तिच्याशी बोलणारा भाऊ आता दुसरीशी बोलत होता आणि तिला ते ऐकवत नव्हतं. खूण काय आहे, हे तिनं कधी विचारलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सुनंदा माहेरी सोनगीरला गेली होती, धुळ्याच्या पलीकडे. तिला आणायला जाताना अभिमननं नवा सहावा कॅमेरा खांद्याला अडकवला. लिंबाला झोका बांधलेला होता. गावातल्या सासुरवाशिणी आळीपाळीनं त्यावर बसत होत्या. त्यानं कॅमेरा काढला तेव्हा सुनंदा पदर खोचून झोक्यावर चढली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

“आते बठ्ठा फोटो मन्हाच काढा. मशिनीसना बहू काढात.”

तिची आई कुंदाबाई दारातून ओरडली, “लाज नही वाटत का, व?” पण हसत होती.

सुनंदाचा धड असा फोटो तोवर नव्हताच. लग्नातला एक होता, त्यात मान खाली, डोळे मिटलेले आणि तोंडावर मुंडावळ्या. अभिमननं तारेच्या चौकटीतून पाहिलं. झोका हलत होता आणि तोंड कड्यातून निसटत होतं.

“हलू नको. कड्यात ये.”

“मी काय दोरा शे का, कडामा येवाले?”

बायका खो खो हसल्या. त्यानं झोका धरून थांबवला, तिला नीट बसवलं, मागं सरकला, दाबलं. असे छत्तीस. एका वेळी तिनं ऐकलं नाही. पायानं जमीन ढकलून झोका जोरात वर नेला आणि तेवढ्यात त्याच्या बोटानं दाबलं. तो चिडला. “एक वाया घालवलास.” ती वरून म्हणाली, “पस्तीस शेत ना तुमले!”

परत येताना एस. टी.त त्यानं जिभेचं टोक दुमडलं. “दिवाळी झाली की धुऊ,” म्हणाला.

आषाढात सुनंदाला कावीळ झाली. अकराव्या दिवशी ती गेली.

दिवाळी झाली. थंडी पडली. फिल्म त्यानं धुतली नाही. डब्या ठेवायला त्यानं पत्र्याचा एक चौकोनी डबा केला होता, बॉबिनसाठी असतो तसा, सहा खणांचा. कोपऱ्यातल्या खणात सुनंदाची डबी होती, जीभ खाली दडलेली. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी तो डबा उघडायचा, बघायचा, झाकायचा. जेवताना कधी म्हणायचा, “अक्का, आज मी लिंबाखाली होतो.” अक्का भाकरी मोडून त्याच्या ताटात घालायची. शेजारच्या बाया म्हणाल्या, लग्न लाव त्याचं पुन्हा. तिनं लावलं नाही. सुनंदा जिवंत असताना तिच्याशी अक्का चार शब्दांपलीकडे बोलली नव्हती. आता घरात एकटी असताना ती फळीकडे बघून बोलायची. म्हणायची, “आज वांगानं भरीत करं व, माय.”

वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झालं. श्रावणात कानबाईदेवीचा सण आला. गेल्या साली सुतकामुळं घरात कानबाई बसवली नव्हती, म्हणून अक्कानं यंदा पदर खोचला. कानबाईला घर लखलखीत लागतं. भिंती सारवल्या, भांडी राखेनं घासली, गोधड्या तलावावर नेऊन धुतल्या. फळीवरचे डबे खाली उतरवले. पत्र्याचा तो सहा खणांचा डबाही उतरवला. आत खणांत धूळ बसली होती. अक्कानं डब्या काढून पदरावर ओळीनं मांडल्या, डबा पुसला, एकेक डबी पुसली. सगळ्यांच्या जिभा सरळ होत्या. एकीचं तेवढं टोक मुरगळलं होतं. शिंप्याच्या घरात वाकडं टोक राहू देत नाहीत. निघालेला दोरा, दुमडलेली कडा, उसवलेला कोपरा दिसला की हात आधी कातरीकडे जातो, डोकं मागून येतं. अक्काच्या हातात कातरी आली. कच् झालं. टोक सारवलेल्या जमिनीवर पडलं, ते तिनं केराबरोबर लोटलं. डब्या खणांत परत बसवल्या, सगळ्या एकसारख्या. तिला ते फार नीटनेटकं दिसलं. सुनंदाचीही जागा आपण स्वच्छ केली, म्हणून तिला समाधान वाटलं.

कोपऱ्यात कोणती डबी गेली, हे तिनं पाहिलं नाही. पाहायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

कानबाईच्या दिवशी सकाळी अभिमननं डबा उघडला. कोपऱ्यातली डबी होती तिथं होती. तिला हात न लावता त्यानं शेजारची सरळ जिभेची एक उचलली आणि सहाव्या कॅमेऱ्यात घातली.

“अक्का, तुझे काढतो आज.”

“माले कसाना फोटो? रांडमुंड बाईना?”

“राहून जातं गं,” तो म्हणाला. “मग शोधत बसावं लागतं. तू लुगडं बदल.”

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून तिनं वाद घातला नाही. पेटीतलं जांभळट काळं लुगडं काढलं, सणासुदीलाही कधी न नेसलेलं. मग तो तिला जागोजागी उभी करत गेला. मशिनीपुढं, जात्यापुढं, दारात, रोट भाजताना, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला तलावाच्या काठी, गर्दीच्या मागं एकटी. “इकडे बघ. मान वर. थोडी डावीकडे, कड्यात ये.” ती मान ताठ करून उभी राहायची आणि श्वास धरायची. पहिल्या तीन-चार फोटोंना लाज वाटली, पुढं वाटेनाशी झाली. एवढ्या आयुष्यात कुणी तिला इतका वेळ पाहिलं नव्हतं. शेवटी तर तिनं विचारलं, “संपनात?” आणि संपले म्हटल्यावर तिला थोडं वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याची तिला पुढं आयुष्यभर शरम वाटली.

अभिमननं जीभ दुमडली आणि डबी खणात ठेवली. दिवाळीनंतर धुऊ, म्हणाला.

ह्याही वेळी दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. पौषात एका सकाळी कुंदाबाई सोनगीरहून आली. बरोबर कुणी नव्हतं. बसमधून उतरून विचारत विचारत आली होती. ओट्याची पायरी तिला दिसली नाही, अडखळली. अक्कानं हात धरून वर घेतलं. अभिमन पाया पडला तेव्हा तिनं त्याचा चेहरा चाचपला.

“मन्हा डोयावर पडदा उना, जवाईबापू. माणूस दिसस, पन तोंड दिसत नही.”

“ऑपरेशन होतं, मामी. मी घेऊन जातो.”

“व्हयी ते व्हयी. माले भरोसा नही.” ती उन्हात भिंतीला टेकून बसली. “बठ्ठा अंधार पडाना पहिले पोरनं तोंड एकदाव देखू द्या. तुमनाजोडे शे ना ती? झोकावरली?”

अभिमननं फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “आहे. माझ्याजवळच आहे.”

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. दीड वर्ष त्यानं जे राखलं होतं, ते तो आता एका म्हातारीला देणार होता. धुतल्यावर सुनंदा त्याच्यापुरती संपणार होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो आत गेला, माठातलं गार पाणी काढलं, त्यात औषधं कालवली, स्टीलचा काळा रंगवलेला डबा पुसला. परकराची पिशवी घेऊन ओट्यावर येऊन बसला. कोपऱ्यातल्या खणातली डबी घेतली, काळ्या डब्यासह पिशवीत सारली, बाह्यांमधून हात घातले, अक्काला म्हणाला, “नाडी आवळ.” तिनं आवळली.

आणि त्याचे हात आत थांबले.

“अक्का.”

“काय, भाऊ?”

“याचं टोक दुमडलेलं नाही.”

अक्काच्या हातात चहाची किटली होती. तिला काहीच कळलं नाही, आणि मग सगळं कळलं. कच् असा आवाज तिला आता ऐकू आला, पाच महिन्यांनी.

“ह्या डब्याला कुणी हात लावला होता?”

“कानबाईना वखतले पुसा व्हता,” ती म्हणाली. “फक्त पुसा.”

त्यानं मान हलवली. सुटली असेल दुमड, असं पुटपुटला. फिल्म आतल्या आत काळ्या डब्यात भरली, झाकण लावून हात बाहेर काढले. औषध ओतलं, डबा हलवत राहिला, ओतून दुसरं घातलं. कुंदाबाई मधेच विचारायची, “उनी का?” तो म्हणायचा, “येते आहे, मामी.” धुऊन फिल्म बाहेर काढली आणि उन्हात धरली. काचेसारखी स्वच्छ. या टोकापासून त्या टोकापर्यंत पलीकडचा रस्ता दिसत होता.

खणांत दोनच डब्या उरल्या होत्या. एक सरळ जिभेची, एक दुमडलेल्या जिभेची. त्यानं सरळ जिभेची घेतली. पुन्हा पिशवी, पुन्हा नाडी, पुन्हा औषध. ऊन ओट्यावरून सरकलं. तीही कोरी निघाली.

“दिसनी का?” कुंदाबाईनं विचारलं.

अभिमन तिसऱ्या डबीकडे बघत बसला होता. त्यात अक्का होती. फक्त अक्काच असायला हवी होती. तो जितका वेळ बघत बसला, तितक्या वेळात त्यानं सगळं मोजून घेतलं असणार. कादरचं चाक, दांडीला चिकटवलेलं टोक, तारेच्या चौकटीवरचं कडं. तो कारागीर होता. धुण्याआधीच त्याला कळलं होतं, असं अक्काला पुढं नेहमी वाटत राहिलं. तरी त्यानं ती धुतली. या वेळी त्यानं अक्काला नाडी आवळायला सांगितलं नाही, दातानंच आवळून घेतली.

फिल्म बाहेर आली ती गडद, भरलेली. त्यानं एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसरं हातात धरून उन्हाकडे पाहिलं. अक्का मागून पाहत होती. अशा फिल्मवर काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं, एवढं तिला इतक्या वर्षांत कळत होतं. प्रत्येक चित्रात तिचं स्वतःचं काळं लुगडं पारदर्शक झालं होतं, आणि त्या लुगड्याच्या आत सुनंदा झोक्यावर बसली होती. झोक्याचे दोर होते. मांडीवरचे हात होते, बांगड्या मोजता आल्या असत्या. खोचलेला पदर होता, जमिनीपासून उचललेले पाय होते. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी प्रत्येक वेळी अक्काचं तोंड बसलं होतं, बरोबर तिथंच, एका दाताचाही फरक नाही. दोन तोंडं एकावर एक पडून तिथं नुसता शाईचा डाग झाला होता. छत्तीस चित्रं. त्यातल्या पस्तिसांत तसाच डाग.

एकात नव्हता. झोका वर गेला होता, सुनंदा कड्याबाहेर निसटली होती. अक्काच्या तोंडापासून दूर, वरच्या कोपऱ्यात ती एकटी होती. पण हललेली. डोळे नाहीत, नाक नाही, आकाशात ओढलेली एक रेघ.

अभिमननं त्या एका चित्रावर अंगठा ठेवला, दाबला नाही.

“अभिमन,” अक्का म्हणाली. “ते टोक मीच कापं. वाकडं दिसनं, म्हनीसन कापं. माले माहीत नव्हतं, भाऊ.”

त्यानं अंगठा उचलला नाही. तिच्याकडे वळलाही नाही.

त्यानंतर तो बारा-तेरा वर्षं जगला. दुकान चालवलं, मशिनी दुरुस्त केल्या. अक्कानं वाढलेलं जेवला, तिला ताप आला तेव्हा उशाशी बसला, कुंदाबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशनही धुळ्याला नेऊन करून आणलं. सातवा कॅमेरा त्यानं केला नाही. सहावा कादरच्या खरादाखाली पडून राहिला. फिल्मबद्दल अक्काशी तो कधीच एक शब्द बोलला नाही, तिला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. ती वाट बघत राहिली, यातलं काहीतरी एक तो करील म्हणून. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी कुंदाबाई भिंतीला धरून उठली. ओल्या फिल्मचा तिला वास आला असावा. हात पुढं करून तिनं मधली लोंबती फिल्म पकडली, डोळ्यांपाशी नेली, उन्हाकडे मान वळवली. तिच्या धुरकट डोळ्यांना काय दिसलं, देव जाणे. एखादी बाईची आकृती दिसली असेल, काळं तोंड, ताठ मान.

“कायी पडनी व मन्ही पोर,” ती म्हणाली. “मरताना पिवयी व्हती.” मग फिल्म आणखी जवळ धरून हसली, सगळे गेलेले दात दाखवत. “पन तीच शे. मान देख ना कशी ताठ धरेल शे. शे ना, धुरपदाबाई? तीच शे ना?”

सुनंदानं मान कधी ताठ धरली नव्हती. हे त्या ओट्यावर दोघांना ठाऊक होतं.

“हां,” अक्का म्हणाली. “तीच शे.”

अभिमननं फिल्मचं आपल्या हातातलं टोक सोडलं, ते म्हातारीच्या हातात गेलं. मोरीवर जाऊन त्यानं हात धुतले, औषधाचा वास जाईपर्यंत धुतले, पंच्याला पुसले. परकराची पिशवी घडी घालून फळीवर ठेवली, पत्र्याचा डबा झाकून तिच्याशेजारी ठेवला. सहाही खण रिकामे होते. अक्का दाराच्या चौकटीत उभी होती, नेमकी तिथं, जिथं त्यानं तिला कानबाईच्या दिवशी उभी केली होती. तिनं बाजूला व्हायला हवं होतं, तिला ते सुचलं नाही. त्यानं तिच्या खांद्याला धक्का लागणार नाही असं अंग चोरलं, चपला पायांत सरकवल्या आणि पायरी उतरून निघून गेला.